गराडे आप्पांचे दोन दगड

आमच्या शेजारच्या गराडे आप्पांना कुणी काहीही सांगितलं, की ते मान तिरकी करतात आणि विचारतात, "ते असू द्या. दगड कुटं हाय?"

कामशेतच्या बाजारात तांदूळवाली म्हणाली, बाबा, अस्सल इंद्रायणी आहे. "दगड कुटं हाय?" बिचारी घाईघाईने तांदूळ निवडायलाच बसली. डॉक्टर म्हणाले, आप्पा, आता वय झालं तुमचं. "कुटवर तरुणपण आन् कुटनं म्हातारपण? दगड दावा." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आप्पांनी जन्मभर जमिनी मोजल्या. आधी सरकारी मोजणीत, निवृत्तीनंतर स्वतःच्या हिमतीवर. हद्दीवर दगड रोवलेला असेल तर हद्द खरी, बाकी सगळ्या गप्पा, असा त्यांचा हिशोब आहे आणि तो ते लग्नापासून राजकारणापर्यंत सगळ्याला लावतात. आमच्या दोघांच्या मधल्या गॅलरीत त्यांनी खडूची रेघ मारून ठेवली आहे. मी शाळेतून दमून घरी यावं, तर हे दारात उभे. "बाई, तुमची चादर माज्या हद्दीत वाळतीया." मी पण खमकी आहे. मी म्हटलं, "मग वारा तुमच्या हद्दीतून येतो, त्याला आधी आवरा." तेव्हापासून आमचं बरं जमतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब दिलेली, आप्पा एकटेच. घरात शिरल्याबरोबर समोर देव दिसावेत तिथे खिळ्याला लोखंडी साखळी टांगलेली, जमीन मोजायची जुनी. तिला ते नियमाने तेल लावतात. त्या साखळीने कधी काही मोजताना मात्र मी त्यांना पाहिलं नव्हतं. कामाला जाताना ते फीत नेतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "वापरू की. घाई कुटं हाय?"

असे हे आप्पा एका दुपारी नवा फोन घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, त्या मोजणीवाल्यांच्या ग्रुपात मला घाला."

राज्यभरातल्या मोजणीदारांचा तो ग्रुप. नकाशे टाकायचे, अडचणी विचारायच्या, नव्या यंत्रांचे फोटो दाखवायचे. आप्पांना यंत्रांचा तिटकारा आणि गप्पांचा त्याहून जास्त. मी विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय हे?"

"किसन हाय त्यात."

किसन म्हणजे धाकटा सख्खा भाऊ. तोही मोजणीदारच. लोणावळ्याकडे बंगल्यांचे प्लॉट मोजतो, उपग्रहाकडून जागा विचारून घेणारं रोव्हर नावाचं यंत्र घेऊन. पवनेकडच्या गावात दोघांची वडिलोपार्जित भातशेती आहे. वाटणी झाली तेव्हा मधला बांध आप्पांनीही मोजला आणि किसननेही मोजला. दोघांचं उत्तर वेगळं आलं. दोघांनी आपापला दगड रोवला. आता तिथे दोन दगड आहेत, मध्ये हातभर रुंदीची पट्टी, तिच्यात नुसतं गवत. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही. गावाचं म्हणणं, दोघांनीही एकमेकांची जमीन दाबायला बघितलं. मलाही तेच वाटायचं. आमच्या मावळात दरसाल कुदळीने शेजाऱ्याचा बांध कोरणारे कमी नाहीत, दुसरं काय वाटणार?

"म्हणजे किसनभाऊंशी बोलायचंय तुम्हाला?"

"छ्या! तो काय चुकीचं सांगतोय त्याच्यावर ध्यान ठिवायला कुणी नको व्हय?" असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. डोळे माझ्यापासून लपवायचे असले की ते कॅलेंडरकडे बघतात.

ग्रुपच्या ॲडमिनने, साताऱ्याकडचे कुणी पवार होते, नाव, गाव आणि फोटो मागितला. फोटो आप्पांनी दगडाचा दिला, स्वतःचा नाहीच. पवारांनी विचारलं, आपण कोणतं उपकरण वापरता? आप्पांनी माझ्याकडून लिहून घेतलं : डोळे.

कसेबसे आत घेतले गेले आणि पहिल्याच दिवशी रणकंदन. सकाळी कुणी गुलाबाचं फूल पाठवून सुप्रभात केलं. आप्पांचा जबाब : दगड कुठाय? कुणी मोठ्या कष्टाने केलेला रंगीत नकाशा टाकला. दगड कुठाय? एकाला मुलगी झाली, त्याने पेढ्यांचा फोटो टाकला. मी हात धरला म्हणून वाचले.

किसनभाऊ थेट काही बोलत नसत. ते लिहीत, "काही सभासद अजून साखळीच्या कड्या मोजतात." आप्पा लगेच माझ्या दारात. "लिवा बाई : काही सभासदांचं डोकं यंत्रात ऱ्हायलंय." मग तिकडून, "काही सभासदांना वयाचा मान द्यावा लागतो, मोजणीचा नाही." यावर आप्पा संतापाने लालबुंद होऊन म्हणाले, "बघा, म्हंजे वयाचा मान देतो म्हन्तोय!" आणि दिवसभर खुशीत होते. किसनभाऊंचा एखादा दिवस काहीच आला नाही, तर संध्याकाळी फोन माझ्याकडे तपासायला आणत. "बंद तर पडला न्हाई ना हा?"

शेवटी पवार वैतागले. त्यांनी जाहीर केलं, की दोन्ही गराड्यांमुळे ग्रुपाची शोभा होते आहे. भांडण मिटवा, नाहीतर दोघांनाही काढतो. मग त्यांनाच कल्पना सुचली : आपण सगळे मोजणीदार, आपणच जाऊन तो बांध मोजू. थंडीचे दिवस, भात निघालेलं, शेत मोकळं. कुणीतरी खंडाळ्यात हॉटेलही बघून ठेवलं. मोजणी तर मोजणी, सहलही होईल.

आप्पा पार हादरले. ग्रुपातून नाव गेलं तर किसनशी भांडायला जागा उरत नव्हती. फुशारकी मात्र तीच. "यिऊ दे की, सगळ्यांना दावतो. बाई, तुमी चला. साक्षीला हद्दीभायेरचं मानूस पायजे." एसटीत त्यांनी एक जड पिशवी मांडीवर धरली होती. मला वाटलं, भाकऱ्या असतील.

धसकटांच्या शेतात दहाबारा मोजणीदार टोप्या घालून उभे होते. दोन्ही भाऊ पट्टीच्या दोन बाजूंना, एक पूर्वेकडे बघतोय, एक पश्चिमेकडे. रोव्हरचा खांब उभा राहिला. पवारांनी कागद पेन काढलं.

"आधी दावा लिहू. आप्पा, ही मधली पट्टी कुणाची?"

"त्याची," आप्पा म्हणाले.

पवारांना वाटलं, चुकून बोलले. "किसनभाऊ, तुमचं म्हणणं काय?"

"दादाची हाय ती. मी मोजलीया."

क्षणभर कुणाला काही कळेना. कुणाचा दगड कोणता, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. प्रत्येकाने आपला दगड आपल्याच शेतात, मागे सरकून रोवला होता. भांडण जमीन घेण्याचं नव्हतंच, ती देण्याचं होतं.

"मला चुकीचं मोजलं म्हन्तो!" आप्पा ओरडले. "आन् वर भीक घालतोय मला!"

"भीक कुनाला रं? जे तुजं हाय ते तुजं. घे की गप!"

"न्हाई घेनार!"

"मंग मी बी न्हाई घेनार!"

पवारांनी घाईने यंत्र सुरू केलं, खुणा घेतल्या, आकडे तपासले. रेघ पट्टीच्या बरोबर मधून जात होती. "म्हणजे दोघांची निम्मी निम्मी," ते आनंदाने म्हणाले, "मिटलं!"

"यंत्र चुकलंय," दोघे भाऊ एका तोंडाने म्हणाले.

किसनभाऊसुद्धा! ज्यांनी रोव्हरची आरती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली होती, ते! पवारांनी समजावलं, बाकीच्यांनी समजावलं, शेवटी धमकी दिली. आप्पा पट्टीत पाय रोवून उभे राहिले. "काडा ग्रुपातनं. आमचा बांध आमी बघू." आणि किसनभाऊ त्यांच्या शेजारी येऊन म्हणाले, "व्हय. काडा दोघास्नी."

मंडळी हात जोडून खंडाळ्याला निघून गेली.

मग आप्पांनी पिशवी उघडली. भाकऱ्या नव्हत्या, भिंतीवरची साखळी होती. तिची एक मूठ त्यांनी भावापुढे धरली आणि म्हणाले, "धर."

ती साखळी एवढी वर्षं भिंतीवर का होती, ते मला तेव्हा उमगलं. तिला दोन टोकं असतात, आणि दुसरं टोक धरणारा भाऊ रुसलेला होता. फितीला कुणीही चालतो. आप्पांना त्या साखळीला दुसरं कुणी लावायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला तिथे कॅलेंडर नव्हतं.

"ताण की नीट," आप्पा ओरडले.

"तू ताण. तुजीच बाजू ढिली हाय, दादा."

त्या दिवशी उत्तर जुळलं नाही. म्हणून ते पुढच्या रविवारी परत गेले. तेव्हा ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या रविवारी किसनभाऊंच्या बायकोने वालाची आमटी केली, म्हणून मोजायला उशीर झाला. पवारांनी दोघांनाही ग्रुपातून काढलं नाही. आप्पा आता तिथे फारसं काही लिहीतही नाहीत.

परवा रविवारी आप्पा पिशवी घेऊन निघाले, तेव्हा मी गॅलरीत चादर वाळत घालत होते, मुद्दाम रेघेच्या पलीकडे. म्हटलं, "काय आप्पा, ठरली का हद्द? दगड कुठाय?"

त्यांनी मान तिरकी केली, चादरीकडे बघितलं आणि ती तशीच वाळू दिली. जिना उतरता उतरता तेवढं म्हणाले, "घाई कुनाला हाय?"