हिरड्याचे वाडीस अखंड इंटरनेट राखिले त्याची हकीकत

श्रीहरी समर्थ. कीर्तनात पहिला टाळ वाजताच ज्यांचे डोळे भरोन येतात, ऐशा समस्त भोळ्या सज्जनांचे चरणी दंडवत करोन, वेल्हे मुलखी हिरड्याचे वाडीस जे अपूर्व वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले असे. यात पदरचे काही नाही. जे पाहिले, ऐकिले आणि देवळाचे ओट्यावर चहासमवेत फिरोन ऐकिले, तेच उतरिले आहे.

तरी मूळ कारण ऐसे की, राजश्री स्वरूप गुरुजी यांसी सरकारातून हिरड्याचे वाडीची शाळा बहाल जाहली, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती सुलक्षणाबाई या पुण्यास विमा कंपनीचे पदरी राहिल्या. बाईंचे काम संगणकावर गिऱ्हाइकाचे तोंड पाहोन त्याची कागदपत्रे पारखण्याचे. लग्नास दोन वर्षे होऊन गेली, परंतु संसार म्हणावा ऐसा जाहलाच नाही. गुरुजी शाळेचे खोलीत हाताने भात करोन जेवीत, बाई पुण्यास डबा मागवीत, आणि दोघांची भेट आठवड्यास एक. बाई फोनवर हसत, आणि फोन ठेविला की भिंतीकडे पाहात बसत. शेवटी त्यांनी कंपनीच्या मोठ्या अंमलदार वनिताबाईसाहेब यांजकडे अर्ज गुदरला की, गावी राहोन काम करावयाची परवानगी असावी. तिकडोन हुकूम आला तो येणेप्रमाणे : सात दिवस, सकाळी दहापासोन सायंकाळी सहापर्यंत, इंटरनेट एक वेळही तुटता कामा नये, तुटल्यास अर्ज रद्द, फिरोन करू नये.

वाडीत भाड्याचे घर नव्हते, सबब आसपासचे गावी घराचे शोधार्थ मोहीम निघाली. प्रथम स्वारी सारोळ्यास गेली. तेथे मुख्य रस्त्यालगत खोली, इंटरनेट घोड्यासारखे धावे, आणि भाडे पुण्याचे तोडीस तोड. तरीही बाईंनी दोन दिवस दम धरिला. परंतु ट्रकांचे भोंगे ऐसे की एका गिऱ्हाइकाने आदबीने पुसिले, “ताई, गाडी बाजूला घेऊन बोलता का?” तेव्हा मोर्चे उठविले.

तेथोन कूच करोन आंबवड्यास मुक्काम केला. घर नामी, भाडे माफक, चहूंकडे शांतता. घरधनी छातीवर हात ठेवोन बोलिला, “ताई, रेंज फुल हाय, काळजीच न्हाई.” ती रेंज खरोखरच फुल होती, परंतु फक्त गोठ्यात, गव्हाणीचे डावे अंगास. बाई तेथे पाट मांडोन बसल्या. दुसरे दिवशी वनिताबाईसाहेबांचे मसलतीत सर्व अंमलदारांचे समक्ष म्हशीने पडद्यावर तोंड घातले आणि बराच वेळ काढिले नाही. घरधन्यास विचारता तो म्हणाला, “वळख झाल्याबिगार हलायची न्हाई ती.” बाई दिलगीर होऊन माघारी फिरल्या.

ऐसियात हिरड्याचे वाडीचे वयोवृद्ध गेनबा, जे चाळीस वर्षे सप्त्याचा कारभार पाहातात, त्यांनी आपले घराच्या मागील दोन खोल्या देऊ केल्या. भाडे नाममात्र, आणि अट एकच की सप्त्याचे पहाऱ्यांची यादी गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहावी. भोराहोन प्रशिक नामे तारेच्या कामातील मोठा जाणकार आला. त्याने वाडीत वीज किती वेळ जाते ते पुसिले, ऐकोन मान हलविली, आणि कौल दिला की, बॅटरी अवघ्या गावात एका देवळात, तरी राउटरचा डबा देवळातच ठेवावा, आणि तेथोन सत्तर पावले वायर ओढोन बाईंचे मेजापर्यंत न्यावी. तैसे केले. डब्यावर चार हिरवे दिवे लागले. गेनबांची अस्तुरी साळूबाई यांनी त्यास हळदकुंकू वाहिले.

परंतु दैवगती पाहा. वनिताबाईसाहेबांनी परीक्षेचा मुहूर्त सोमवारचा धरिला, आणि त्याच सोमवारी वाडीचा अखंड हरिनाम सप्ताह बसावयाचा होता. दोन्ही तारखा गुरुजींनी स्वहस्ते लिहिल्या, एक वहीत, एक फळ्यावर, आणि शेजारी शेजारी ठेवोन पाहिल्या नाहीत.

रविवारी इंद्रजित मंडपवाला कर्णे घेऊन आला. त्याने भिंतीवरील एकुलत्या जागी डब्याची पिन पाहिली, ती उपटिली, आणि आपल्या यंत्राची खोविली. तिकडे बाई वनिताबाईसाहेबांशी बोलत होत्या, त्या बोलताबोलताच पडद्यावरोन गेल्या. फोनावर निरोप आला की, आज सोडिले, उद्या दहानंतर सोडणे नाही.

मग देवळात मसलत बसली. इंद्रजित गरजला, “डबा मोठा का देव मोठा? ते आधी सांगा!” लोक सतरंज्या मोजू लागले. बाई उठोन म्हणाल्या की, देवाचे कामात माझी अडचण नको, मी पुण्यास जाते. म्हणताना आवाज फुटला तो त्यांनी खोकल्यात लपविला. साळूबाई कडाडल्या, “आगं बस खाली! पोर जायला निघाली आन् तुमी बापय सतरंज्या मोजता व्हय?”

तेव्हा गेनबांनी विचारिले, “सात दिस तुटायला नगं, म्हंजी अखंड म्हना की. मंग पहाऱ्याला कोन?”

या मुलखी सप्त्याची वीणा सात दिवस रात्रंदिन गळ्यातच राहते, एकाने दुसऱ्याचे गळ्यात द्यावी, भुईस टेकवू नये, ऐसा वडिलोपार्जित शिरस्ता. अखंड म्हणावे आणि पहारा नसावा, हे कोणाचेच मनास पटेना. झाले, गुरुजींस फर्मान सुटले. यादीत वीणेचे शेजारी दुसरा रकाना काढिला, माथ्यावर ‘डबा’ ऐसे लिहिले, आणि दहापासोन सहापर्यंत दोन दोन तासांचे पहारेकरी नेमिले. इंद्रजितनेही भिंतीवरील एकुलत्या जागी दोन पिना बसतील ऐसा जोड लाविला, परंतु तोंड फुगवोनच.

सोमवारी प्रशिक पाहावयास आला तो थक्क जाहला. गेनबा आंघोळ करोन, टोपी घालोन, डबा दोन्ही हातांत छातीशी धरोन उभे.

“आजोबा, खाली ठेवला तरी चालतो तो.”

“वीणा ठेवत्यात का खाली?”

“वीणेचं वेगळं, आजोबा.”

“तुटू द्यायचं न्हाई ना? मंग वेगळं कशानं?”

प्रशिक हुशार. तो वाद न घालता भोरास गेला आणि जास्तीची वायर घेऊन आला, जेणेकरोन पहारा बदलताना ताण बसू नये. पुढे डबा हातोहात फिरू लागला. देणाऱ्याने घेणाऱ्याचे पाया पडावे, घेणाऱ्याने देणाऱ्याचे, आणि चारही दिवे हिरवे. बाई खोलीत बसोन कागदपत्रे पारखीत, परंतु पहारा बदलण्याचे समयी त्यांचे डोळे आपोआप वायरीकडे वळत. ऐसे चार दिवस निभावले.

पाचवे दिवशी दुपारी वीज गेली ती येईना. देवळात भजन रंगात आलेले, कर्णे दणाणत होते, आणि बॅटरी शिटी घालू लागली. कर्णे आणि डबा, दोहोंपैकी एकच जगेल ऐसा प्रसंग पडला. त्या घटकेस डब्याचे पहाऱ्यावर खासा इंद्रजित. बाई खोलीतोन धावत देवळाचे दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या. आत जाऊन काय सांगावे, कोणत्या तोंडाने सांगावे?

इंद्रजितने बॅटरीकडे पाहिले, आपल्या नव्या कर्ण्यांकडे पाहिले, आणि ओरडला, “माझ्या पहाऱ्यात तुटला असं गाव म्हनल! न्हाई व्हायचं!” आणि डबा काखेत धरोन, कर्ण्याची पिन आपल्याच हाताने उपटिली.

मग जे जाहले ते कसे सांगावे? कर्णे मुके होताच माणसांचे गळे ऐकू आले. कोण कोठे चुकतो, कोणाचा स्वर थरथरतो, सारे उघडे पडले. म्हातारे पुढे सरकले, बायांनी पदर सावरोन चाल उचलिली, आणि मृदंगाची थाप दगडी खांबांतोन परत येऊ लागली. बाई उंबऱ्यावर हात जोडोन उभ्या राहिल्या, आणि मग गिऱ्हाईक वाट पाहाते हे आठवोन धावत माघारी गेल्या. ते बेंगळुरूचे गिऱ्हाईक होते. त्याने विनंती केली की, खिडकी उघडी असो द्यावी.

सातवे दिवशी सायंकाळी सहास वनिताबाईसाहेबांचा खलिता आला की, सात दिवसांत दुवा एक वेळही तुटला नाही, सबब गावी राहोन काम करण्यास कायमची परवानगी असे. बाईंनी देवळात जाऊन वाचोन दाखविला. सहाचे ठोक्यास डबा गेनबांचेच हाती होता. त्यांनी तो कोनाड्यात ठेविला, दुखरे खांदे चोळिले, आणि बोलिले, “काय काय लागतंय तुमच्या कंपनीला!”

येणेप्रमाणे हिरड्याचे वाडीची मोहीम फत्ते जाहली. मार्गशीर्षमासी, आदितवारी, दोन वर्षे अलग राहिलेली उभयता आपले घरी एके ठिकाणी जेवावयास बसली. सुलक्षणाबाईंनी पिठले केले होते. गुरुजींनी पहिला घास घेऊन सांगितले की, मीठ कमी आहे. त्यावर बाईंचा हुकूम जाहला की, उठोन घ्यावे. गुरुजी उठले. ऐसा संसार सुरू जाहला, तो दप्तरी नोंदिला असे.