एकलकोंडा पळाला

परीक्षक यायच्या वेळेला पिंजरा उघडा होता, आणि ज्याच्या जिवावर थोरलीचा प्रबंध उभा होता तो काळा उंदीर आत नव्हता.

प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, म्हणून ती थोरली. उंदराचं एकलकोंडा हे नाव तिनंच ठेवलेलं. ऑटिझमशी संबंध असलेलं एक जनुक तिनं त्याच्या मेंदूतल्या एकाच जातीच्या पेशींत बंद केलं होतं. बाकीच्या पेशींचा गोंगाट आवरणाऱ्या पेशींत. मग त्याला तीन खोल्यांच्या पेटीत सोडायचं. एका टोकाला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला नुसतीच रिकामी जाळी. साधे उंदीर पाहुण्याकडे धावत. एकलकोंडा आणि जनुक बंद केलेले त्याच्यासारखे बाकीचे रिकाम्या जाळीपाशी जाऊन बसत. प्रबंधाचं शेवटचं वाक्य तयारच होतं: या उंदरांना सोबत नको असते.

"कडी कुणी उघडी ठेवली?" सरांनी विचारलं.

"पिंजरा चकचकीत करा, असं तुम्हीच म्हणालात," थोरलीचा सहकारी चष्मेवाला म्हणाला.

"चकचकीत म्हणालो. रिकामा नव्हे!"

"दाणे टाकू या का?"

"दाण्यांना कुठलाही उंदीर येईल," थोरली म्हणाली. "याला काय आवडतं ते जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. रिकामी जाळी आण!"

जाळी खोलीच्या मधोमध मांडली गेली. चष्मेवाला टेबलाखाली पालथा पडून पहारा देऊ लागला. थोरलीनं एकांताच्या जागा धुंडाळल्या: हातमोज्यांचा खोका, सिंकखालचा कोपरा, सरांच्या कोटाचा खिसा.

"अगं, त्याच्या भावंडांच्या पिंजऱ्याकडे पाहिलंस का?"

"तिथं कशाला जाईल तो, सर? मग मी प्रबंध कशाला लिहिला?"

(इथे आकृती यायची होती. आकृत्या काढणारा टेबलाखाली असल्यामुळे वाचकांनी कल्पनाच करावी.)

उरली होती फक्त कपाटामागची जागा. सरांनी जोर लावून कपाट ओढलं. त्याबरोबर मागची मुख्य वायर ओढली गेली, आणि दिवे, पंखे, यंत्रं सगळं एका दमात बंद पडलं.

"झालं! आता उजेडाच्या नावानंही बोंब!" चष्मेवाला म्हणाला.

"श्श!" थोरलीनं दटावलं.

खिडकीतून अंधुक प्रकाश येत होता. जमिनीलगतच्या फळीवर खुडबुड झाली. एकलकोंडा आरामात चालत आला, भावंडांच्या पिंजऱ्याला टेकला आणि गजांतून एका भावाच्या नाकाला नाक लावून बसला. हलेचना.

चष्मेवाल्याचा हात टेबलाखालून सरकला. थोरलीनं त्याची कॉलर धरली. "हात लावशील तर याद राख!"

"धर त्याला!" सर कुजबुजले. "परीक्षक जिन्यात आहेत!"

"सर, पेटीत दिव्यांचा भगभगाट असतो. पंख्यांची घरघर असते. वर समोर कोण, तर परका. अशा ठिकाणी मीसुद्धा कोपरा गाठून बसते."

"म्हणजे प्रबंध?"

"शेवटचं वाक्य गेलं." तिच्या आवाजात सुतक मात्र नव्हतं. "याला सोबत नको, की गोंगाट सोसत नाही? गोंगाट आवरणाऱ्या पेशींतलंच जनुक बंद केलंय आपण! हे आधी का नाही विचारलं?"

"परीक्षक विचारतील तेव्हा काय सांगशील?"

"ठाऊक नाही म्हणेन. किती वेळ बसतोय बघा ना!"

दार उघडलं. दारात एक भारदस्त बाई, मागे फाइल घेतलेले गृहस्थ.

"दिवे का बंद? उमेदवार कुठे आहे?" बाईंनी दरडावलं.

"बूट काढा," जमिनीलगतून थोरलीचा आवाज आला. "खाली बसा. आणि बोलू नका."

सरांनी डोळे मिटून घेतले. गृहस्थांची फाइल हातातून निसटता निसटता राहिली. बाईंनी बूट काढले, पदर खोचला आणि त्या रांगत रांगत थोरलीच्या शेजारी आल्या.

"जनुक बंद केलेला कुठला?"

"बाहेरचा."

"आणि आतला?"

"भाऊ. साधा."

बाईंनी मान पुढे काढली.

"जरा सरक की गं," त्या कुजबुजल्या, "मला दिसत नाहीये."