अँटिव्हायरसची सुट्टी

ताईने पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल पाटी आली: शिक्का ओळखीचा नाही, फाइल घेता येत नाही. स्वतःचं ऑफिस थाटल्यावर तिला मिळालेलं हे पहिलंच काम. वाचनालयाचा नकाशा पाचच्या आत बांधकाम खात्याच्या ॲपवर चढला नाही, तर काम दुसऱ्याच्या घशात जाणार होतं. साडेचार होऊन गेले होते आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिथेच चुकलं, कारण मागच्या खुर्चीत बाबा बसले होते.

"तुमचा अँटिव्हायरस आड येतोय," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "आपण पाठवतो ते सगळं बंद पाकिटातून जातं. हा ते मध्येच फोडतो, आत व्हायरस आहे का बघतो, परत चिकटवतो आणि वर स्वतःचा शिक्का मारतो. खात्याच्या ॲपला तो परका शिक्का चालत नाही. जरा वेळ बंद करा त्याला."

"बंद?" बाबा ताडकन उठले.

बाबा जन्मभर कारखान्याच्या दोन नंबरच्या फाटकावर पहारेकरी होते. जाणाऱ्याची पिशवी उघडायची, आत बघायची, बंद करायची, वर खडूने फुली मारायची. निवृत्तीनंतर आपल्या जातकुळीचा पहिला जीव त्यांना आज भेटला होता, आणि त्यालाच घरी पाठवायचं चाललं होतं!

"ड्यूटीवरच्या माणसाला असं उठवतात? बदली माणूस कुठाय?"

"बाबा, तो माणूस नाहीये!"

"म्हणूनच त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही. कधीपासून उभाय तो?"

"तीन वर्षं झाली," फोनमधला आगाऊ आवाज म्हणाला.

"एकही सुट्टी न घेता?" बाबा कळवळले. त्यांनी कपाटातली जुनी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "जा रे, चहा पिऊन ये. मी आहे इथे."

ताईने अँटिव्हायरस बंद केला. ती नकाशा पाठवणार, तोच बाबांनी हात आडवा घातला.

"उघड आधी. झडतीशिवाय मी मालकाचा डबासुद्धा सोडला नाही कधी."

वाद घालण्यात पाच वाजले असते. ताईने नकाशा उघडला. बाबांनी एकेक खोली पाहिली, जिन्याखाली कुणी लपलंय का तेही वाकून पाहिलं. "ठीक. आता शिक्का."

"अहो, शिक्क्यावरूनच तर हे रामायण झालं!"

"तो परका होता. हा घरचा आहे."

ताईने दात-ओठ खात नकाशाच्या कोपऱ्यात टाइप केलं: 'तपासले. फाटक क्रमांक दोन.' नकाशा गेला.

सकाळी खात्याच्या साहेबांचा फोन आला.

"तुमचा नकाशा मंजूर. बाकी सगळे परत पाठवले."

"का हो?"

"फाटक क्रमांक दोनचा शेरा नव्हता."

"पण असा शेरा लागतो?"

"कालपर्यंत लागत नव्हता. तुमच्या नकाशावर दिसला, म्हणजे लागत असणार. त्या सगळ्यांना तुमचाच पत्ता दिलाय."

ताईने दार उघडलं. जिन्यात खालपर्यंत रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. टोपी घालून बाबा केव्हाच उंबऱ्यात उभे होते. "एकेकाने या. गुंडाळी उघडून हातात धरा."

दुपार झाली तरी रांग हलेना. बाबांनी घाम पुसला आणि आत हाक मारली, "ताई, त्याला परत ड्यूटीवर बोलाव गं! चहाला म्हणून गेला तो गेलाच. मला जेवायचंय!"