'म' दाबला की...

मास्तर आणि मास्तरीणबाई यांच्यात आठवडाभर अबोला होता आणि घरात तिसरं माणूस नसल्यामुळे तो दोघांनाही फार जड जात होता. "चहा गार होतोय म्हणावं," बाई भिंतीला सांगत. "आलो म्हणावं," मास्तर खिडकीला सांगत. भिंत आणि खिडकी मात्र निरोप चोख पोचवत होत्या.

कारण होतं बाईंचं शिलाई मशीन. निवृत्तीनंतर काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मास्तरांनी त्याला सढळ हाताने तेल घातलं आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर हा एवढा डाग पडला. वर "मशीनच जुनाट!" म्हणून मास्तर मोकळे झाले. चूक आपली, हे त्यांना कळत होतं; पण तोंडातून शब्द फुटेना.

निदान डाग तरी काढू म्हणून, बाई बाजारात गेल्यावर, ते कॉम्प्युटरपुढे बसले. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आधी त्यांनी 'डाग निघेना, बायकोला तोंड कसं दाखवावं' असं मोकळेपणाने विचारलं. धड उत्तर मिळेना. मग 'मशीनच्या तेलाचा डाग' लिहायला नुसता 'म' दाबला, तर पट्टीने आपणच पुढचं लिहून टाकलं: 'माफ केलं, हे आपणहून कसं म्हणावं'.

मास्तर ताडकन उठले. खोडलं, पुन्हा 'म'. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच! त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"अहो, ह्याला मनातलं कळतं!"

"मनातलं कसलं, मास्तर! घरात कुणी आधी लिहिलेलं असतं, तेच तो पुढे करतो."

"घरात कोण लिहिणार? आमची ही तर त्याला नुसतं फडकं मारते."

"फडकं मारता मारता लिहीत असतील," म्हणून त्याने फोन ठेवला.

मास्तर त्या ओळीकडे बघतच राहिले. मघाशी यंत्राचं नवल वाटत होतं, ते कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ही बाई आपल्याला कळलीच नव्हती.

तेवढ्यात बाई दारात आल्या. "पिशवी जड आहे म्हणावं," त्यांनी भिंतीला सांगितलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मशीन चांगलंय. तेल मीच जास्त घातलं. चुकलं."

"'म्हणावं' राहिलं," बाई हळूच म्हणाल्या.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी बाई बाह्यांची नवी डिझाइनं शोधायला बसल्या. 'ड' दाबला आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं. पट्टीवरची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"अहो, इकडे या आधी! ह्याला तुमच्या मनातलं कळतं!"

मास्तरांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. दुरुस्तीवाल्याचं बोलणं पोटात ठेवून ते भिंतीकडे वळले.

"कमाल आहे म्हणावं!"