गालाला लावलेले भिंग

सिद्रामप्पांच्या शेजारी चष्मा घालून बसू नये, असा आमच्या पेठेत एक अलिखित नियम होता. बोलता बोलता ते समोरच्याच्या नाकावरून चष्मा अलगद उतरवीत, एकेक भिंग स्वतःच्या गालाला लावीत, डोळे मिटीत आणि निकाल देत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामांचाच चष्मा उतरवला. मामा पानावर चाचपडत असताना सिद्रामप्पा म्हणाले, "काच हाय," आणि चष्मा परत केला. मामा त्यानंतर जेवले नाहीत.

त्या काळी चष्म्याची भिंगे दोन प्रकारची मिळत. एक साध्या काचेचे; दुसरे 'पेबल', म्हणजे स्फटिकाच्या दगडातून कापून घासलेले. सिद्रामप्पा त्याला गारगोटी म्हणत. स्फटिक काचेहून कठीण असतो आणि स्पर्शाला अधिक थंड लागतो, हे खरे. पण म्हणून तो डोळ्यांनाही थंडावा देतो, ही समजूत चुकीची. कारण भिंग डोळ्याला टेकतच नाही. हे मी त्यांना एकदा पायरीपायरीने समजावून दिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"शिकवताय लई छान, मास्तर. पण तुमचा चष्मा काचंचा हाय, म्हणून तुमाला असं दिसतंय."

ते गिरणीतून जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले होते. सूत कोरडे की ओलसर, हेही ते गालालाच लावून ठरवीत असत. माणसांचीही त्यांनी काच आणि गारगोटी अशी वर्गवारी केली होती. आमचे हेडमास्तर काच, सिद्रामप्पांचे व्याही तडकलेली काच, आणि मी 'घासलं तर गारगोटी निघंल' या आशेवरचा.

पुढे माझ्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. आमच्या शाळेचे अंगण चुन्याने पांढरेशुभ्र केलेले, आणि त्यावर सोलापूरचे ऊन. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहू लागे आणि फळ्यावरची माझीच अक्षरे मला दिसेनाशी होत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की फिकट धुरकट रंगाच्या काचेमुळे ही तिरीप डोळ्यांना सोसवली तर ठीक. नाहीतर शिक्षकाचा पेशा सोडावा लागेल.

चष्म्याच्या दुकानात सिद्रामप्पा अर्थातच बरोबर आले. त्यांना पाहताच दुकानदाराने स्वतःचा चष्मा काढून खिशात घातला. माझ्या नंबराची पेबलची जोडी सिद्रामप्पांनी आधीच निवडून ठेवली होती. ती लावून त्यांनी मला भर दुपारी रस्त्यावर उभे केले. भिंग स्वच्छ होते. पण घटकाभरात डोळे पाझरू लागले. मग धुरकट काच लावली, तशी समोरच्या दुकानाची पाटी मी डोळे न मिचकावता वाचून दाखवली. सिद्रामप्पांनी ती काच माझ्या नाकावरून काढून गालाला लावली. या वेळी निकालाला बराच वेळ लागला.

"काच हाय," ते म्हणाले. "हीच घ्या."

"आणि गारगोटी?"

"ती गालाला. तुमाला पोरं शिकवायचीत की."

आयुष्यभराचे मत माझ्यासाठी असे बाजूला ठेवून ते माझ्याबरोबर चालू लागले. वाटेत, मी काही विचारले नसताना, बोलू लागले. त्यांच्या पत्नीला, पारव्वांना, पेबलचा चष्मा होता. हे गिरणीतून तापून घरी आले, की पारव्वा चष्मा काढून त्याची भिंगे यांच्या गालावर ठेवीत.

"डोळ्याला कमी आन् माझ्या गालालाच जास्त लावला तिनं," ते म्हणाले. "मातीत देताना तिच्या डोळ्यावरच ठिवला ओ. तिला तितं दिसाय नको का?"

त्या धुरकट काचेच्या बळावर मी निवृत्तीपर्यंत फळ्यासमोर उभा राहिलो. हे उपकार शब्दांनी फिटण्यासारखे नव्हते. म्हणून मी एक नेम धरला. रोज संध्याकाळी बसायला येणाऱ्या सिद्रामप्पांची काठी माझ्या ओट्याशी वाजण्याच्या सुमारास मी चष्मा उतरवून माठावरच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी आणि ते बसले की पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवी.

ते तो नेहमीसारखाच उतरवून घेत, गालाला लावीत आणि डोळे मिटीत.

"काच हाय," ते म्हणत. आणि चष्मा गालावर तसाच धरून बसत.