लाल बंदांच्या सपाता

"आजोबा, तुमच्या पायात काय आहे?"

बस स्काल्निक किल्ल्याचा उतार उतरून होलुबेत्सच्या रस्त्याला लागली होती. ओल्द्रिख कुबेशांनी मांडीवरची कटलेटची पिशवी बाजूला सारून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बुटांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या सपाता तशाच होत्या, टाचेमागे लाल बंदांची गाठ मारलेल्या. किल्ल्यात शिरताना त्या प्रत्येकाने बुटांवर चढवायच्या, म्हणजे जुन्या लाकडी जमिनीवर ओरखडे उठत नाहीत, उलट ती फुकटात चकचकीत होते. निघताना दाराशी खोक्यात टाकायच्या. पण खोक्याशी गर्दी होती. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत कुबेश सगळ्यांना वाट देत राहिले, तेवढ्यात बसने हॉर्न दिला.

"चोरी झाली गं ही, आपोलेना!"

"तरीच तुम्ही बदकासारखे फताक फताक पळत होतात!"

कुबेश चाळीस वर्षं गावचे ग्रंथपाल होते. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे ते चष्म्यावरून नुसतं बघत, तेवढ्यावर तो माणूस आठवडाभर त्यांना तोंड चुकवी. आता स्वतःकडे चष्म्यावरून कसं बघावं ते त्यांना कळेना. परत फिरायचं तर होलुबेत्सचा किल्ला हुकणार. नातीच्या वहीत नऊ किल्ल्यांचे शिक्के होते, हा दहावा. आणि उद्या तिची आई न्यायला येणार. पुढच्या उन्हाळ्यात दुसरे आजी-आजोबा तिला समुद्रावर नेणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. 'तू इकडे येशील ना?' एवढंच त्यांना विचारायचं होतं. पंधरा दिवस ते वाक्य जुळवत होते.

"संध्याकाळची बस स्काल्निकवरूनच जाते," आपोलेना म्हणाली. "तेव्हा टाकू खोक्यात. कोण बघतंय!"

होलुबेत्सच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या ब्लाझेनाबाई बघत होत्या.

"काय हो, घरूनच घालून आलात? अगंबाई, लाल बंद! स्काल्निकच्या! काढा, काढा."

"बाई, त्या परत करायच्या..."

"परत? आमचे निळ्या बंदांचे सतरा जोड तिकडे गेलेत. एक तरी परत आला?"

बाईंनी सपाता आपल्या खोक्यात फेकल्या. कुबेशांनी तोंड उघडलं, खूप काही बोलायचं ठरवलं आणि म्हणाले, "आभारी आहे."

निळ्या बंदांच्या सपाता घालून त्यांनी सगळा किल्ला पाहिला, पण बुरूज कुठला नि दरबार कुठला, काही लक्षात राहिलं नाही. निघताना मात्र आपल्या सपाता त्यांनी खोक्यात टाकल्या, दोनदा मोजून.

स्काल्निकला उतरताना त्यांची नजर नातीच्या पायांकडे गेली.

"अगं! निळे बंद!"

"अय्या, विसरलेच!"

दरवान हिनेक दाराला कुलूप लावत होता. कुबेशांनी घाम पुसत कबुलीजबाब सुरू केला, पण त्याने पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"होलुबेत्सचा जोड! शाब्बास गं पोरी! आमचे बावीस लाटून बसल्यात त्या बाई. फिटंफाट!"

घर तिथून टेकडीखालीच होतं. अर्ध्या वाटेवर कुबेश एका दगडावर बसले.

"कसली फिटंफाट? आधी एक जोड भलत्या जागी होता, आता दोन झाले."

"म्हणून तर पुढच्या उन्हाळ्यात मला यावं लागणार." आपोलेना शेवटचं कटलेट खात होती. "निळा तिकडे न्यायचा, लाल इकडे आणायचा."

"मी सप्टेंबरात एकटाच जाऊन..."

"खबरदार! त्या बाईंशी बोलणार कोण? तुम्ही 'आभारी आहे' म्हणून परत याल."

"आणि समुद्र?"

"तो काय किल्ल्यासारखा थंडीत बंद होतो? राहील तिथंच."

कुबेशांनी खिशातून वाचनालयाचं जुनं कार्ड काढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'सपाता, दोन जोड. परत करण्याची तारीख: १ जुलै.' चाळीस वर्षांत तीन आठवड्यांवर मुदत त्यांनी कुणालाच दिली नव्हती.

आपोलेनाने सही केली.

"खरंच विसरली होतीस ना गं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! खरंच!"

कुबेशांनी मान डोलावली आणि कार्ड जपून खिशात ठेवलं. गाठींवर गाठी मारलेले ते निळे बंद सोडवायला हिनेकला कात्री आणावी लागली होती, याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.