दोन्ही पायांत चाळ

मी एकदा बोललो की बोललो! महाडच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान, शिवाय तालुक्याच्या लोककला मंडळाचा मी अध्यक्ष. मुंबईचा कोण तो रॅपर आपल्या व्हिडिओत आमची जाखडी नाचला, तेव्हा मी मंडळाच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं, "माफी मिळवेन, नाहीतर अध्यक्षपद सोडेन!"

रिंगणात गॉगल लावून नाचला, ते एक वेळ चाललं असतं. पण जाखडीत घुंगरांची चाळ बांधतात ती उजव्या पायात, एकाच! ह्या बहाद्दराने दोन्ही पायांत बांधलेली! आणखी चुका सापडाव्यात म्हणून मी तो व्हिडिओ दुकानात पाहिला, जेवताना पाहिला, अंघोळीचं पाणी तापेपर्यंतही पाहिला.

"अहो, पाय का हलवताय?" आमच्या वैदेहीने विचारलं.

"संतापाने!"

मग गाठलं आमचं गाव, तुडील. माझे चुलते महिपतीकाका तिथल्या नाचाचे शाहीर. वाटलं, व्हिडिओ बघून पेटून उठतील. त्यांनी चष्मा लावला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"पोरगा बरा नाचतो रे! कुनाचा हाय?"

"काका, चोरी केलीय त्याने!"

"काय नेलं?"

आता आली का पंचाईत! खरंच, नेलं काय? नाच तर गावातच होता. मग मला एवढं का झोंबलं होतं? विचार करायला बसलो असतो, पण ग्रुपवर शब्द देऊन बसलो होतो ना!

"आपण अस्सल जाखडी करून दाखवू. निषेध म्हणून!"

"निषेध कर नायतर काय बी कर. नाचायचं हाय ना?"

रविवारी देवळासमोर रिंगण धरलं. निळा झब्बा घालून, घाईघाईत चाळ बांधून मीही शिरलो. काकांच्या सुनेने, अंकिताने, मोबाइल धरला. काकांनी असा सूर लावला की अंगावर काटा आला! नाच रंगला आणि माझे कान टवकारले. चाल त्या रॅपरचीच!

"काका!" मी नाचता नाचता ओरडलो. "ही चाल त्याची आहे!"

"झकास हाय ना?"

"अहो, त्याने आपला नाच घेतला म्हणून तर आपण..."

"मग झाली की फिट्टंफाट! इचारून घ्यायला पायजे होती, येवढं खरं. त्यानं बी नि आमी बी. नाच तू!"

"दादा, हळू बोला," अंकिता म्हणाली, "लाइव्ह चालू हाय!"

संध्याकाळी खुद्द रॅपरचा प्रतिसाद आला. "माझी चाल जाखडीत! यापेक्षा मोठं कौतुक नाही. फक्त एक शंका आहे. सगळ्यांच्या एकाच पायात चाळ दिसते. मग निळ्या झब्ब्यातल्या काकांच्या दोन्ही पायांत कशी? बरोबर काय ते सांगाल का?"

मी व्हिडिओ मोठा करून पाहिला. दोन्ही पायांत! त्याचंच पाहून पाहून पायांना त्याचीच सवय लागलेली. मागून वैदेहीने डोकावलं.

"संतापाने का हो?" ती म्हणाली.

काय करता! लिहिलं त्याला, "बरोबर एकच पाय. चाल न विचारता घेतली, त्याबद्दल माफी असावी." मग ग्रुपवर टाकलं, "माफीचं काम झालं!"

अध्यक्षपद शाबूत आहे. कुणी कुणाची मागितली, ते तेवढं ग्रुपवर बोलू नका, म्हणजे झालं!